भट्रुंचं सातवं प्रकरण

माझ्या छापखान्यात लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि देवळाच्या जत्रेची पत्रकं छापून होतात. पुस्तक क्वचित. त्यामुळे केपुळगुड्ड्याचे तिरुमलेश्वर भट एक दिवस लेकीला घेऊन दुकानात आले आणि घराण्याचं पुस्तक काढायचंय म्हणाले, तेव्हा मी हुरळून गेलो. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला अजून चौदा महिने होते. त्या दिवशी जेवायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात एकेक प्रत द्यायची, असा बेत. भट्रु, आमच्याकडे भटांना असंच म्हणतात, म्हणाले, "तीन महिन्यांचं काम आहे, मराठे. नंतर तुम्ही निवांत छापा." मी मान डोलावली आणि फसलो.

खरं तर मला कळायला हवं होतं. आमचं घराणं चार पिढ्या इथे आहे, घरात मराठी, बाजारात कन्नड आणि भांडायला तुळू. विटल्याच्या ताळमद्दळे संघात मी बावीस वर्षं मद्दळे, म्हणजे मृदंगासारखं वाद्य, वाजवतोय, आणि त्यातली बहुतेक वर्षं भट्रुंच्या उजव्या हाताला बसून. ताळमद्दळ्यात नाच नाही, सोंग नाही, मुकुट नाही. चार-सहा माणसं धोतर नेसून, अंगावर शाल टाकून सतरंजीवर बसतात. भागवत, म्हणजे गाणारा, पुराणातल्या एखाद्या प्रसंगाचं पद म्हणतो, आणि मग ज्याला जे पात्र दिलं असेल त्याने त्या पात्राचा वकील होऊन समोरच्याशी वाद घालायचा. पाठांतर चालत नाही. तोंडाला येईल ते, पण समोरच्याला निरुत्तर करील असं. आज देवाच्या बाजूने बोलणारा उद्या दैत्याच्या बाजूने तेवढ्याच तावातावाने बोलतो, आणि लोक मान डोलावतात.

भट्रु या कामात पटाईत. अडचण एवढीच की सतरंजीवरून उठल्यावरही त्यांचं ते थांबत नसे. बसच्या कंडक्टरशी, गुरांच्या डॉक्टरशी, मंगळूरहून आलेल्या वीजमंडळाच्या साहेबाशी, सगळ्यांशी त्यांचा वाद होई आणि सगळ्यांत ते जिंकत. त्यांच्या डॉक्टरांनी साखर बंद सांगितली तेव्हा त्यांनी पाऊण तास साखरेची बाजू मांडली. बाहेर अकरा पेशंट ताटकळत बसलेले. शेवटी डॉक्टर म्हणाले, थोडी चालेल.

अशा माणसाने घराण्याचा इतिहास सांगायला घेतला होता आणि तो लिहून घ्यायला बसली होती त्यांची एकुलती एक लेक श्रीलता. वय शेहेचाळीस, पुत्तूरच्या हायस्कुलात कन्नड शिकवते. बायकांच्या ताळमद्दळे संघात ती पदं म्हणते आणि पात्रंही करते. जीभ बापाची, पण कान आईचे, म्हणजे समोरचा काय बोलला हे ती ऐकते. दर शनिवारी दुपारच्या बसने ती केपुळगुड्ड्याला येई, ओसरीवर वही घेऊन बसे आणि रविवारी संध्याकाळी परत जाई. पुस्तकावर दोघांची नावं घालायची, असं ठरलं होतं. कोणाचं आधी, यावर दोन शनिवार गेले.

पहिलं प्रकरण माझ्याकडे आलं ते चाळीस पानांचं. त्यात भट्रुंचे पणजोबा अजून जन्मलेले नव्हते. डोंगर कसा झाला, त्यावर जांभा कसा झाला, माणसाने डोंगरावर राहावं की खाली शेताजवळ, यावर कोण काय म्हणेल आणि त्याला उत्तर काय, हे सगळं सविस्तर होतं. श्रीलताने त्याची तीन पानं केली. ती तीन पानं जुळवून मी प्रूफ पाठवलं, तर परत आलेल्या कागदावर छापलेलं कमी आणि भट्रुंच्या अक्षरातलं जास्त. समासात, ओळींच्या मधे, मागच्या कोऱ्या बाजूला, आणि जागा संपली तेव्हा सोबत जोडलेल्या वीजबिलावर.

"असं कोणी म्हणेल की..." हे त्यांचं आवडतं वाक्य. पणजोबांनी पहिली पोफळ लावली, एवढं साधं वाक्य त्यांना चालत नसे. असं कोणी म्हणेल की पोफळीऐवजी नारळ का नाही, म्हणून त्याला तिथल्या तिथे उत्तर. श्रीलता विचारी, "अप्पा, असं म्हणतंय कोण?" भट्रु म्हणत, "आत्ता कोणी नाही. पण वाचणारा म्हणेल." ती म्हणे, वाचणारे सगळे आपल्या गावचे आणि नात्यातले आहेत, कोणी काही म्हणणार नाही. त्यावर भट्रु गोंधळून तिच्याकडे बघत. कोणी काही म्हणणारच नसेल तर पुस्तक काढायचं कशाला, हे त्यांना समजेना.

तिसऱ्या प्रकरणात त्यांचं लग्न होतं. वऱ्हाड उशिरा पोचलं, याची त्यांनी तीन कारणं सांगितली, तिन्ही मुलीकडच्यांच्या माथी मारणारी. आतून शंकरी अक्कांचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा आवाज आला की तुमचीच बस चुकली होती, तुमचे काका त्याच रात्री सांगून गेले. शंकरी अक्का दिवसातून दहा-बारा वाक्यं बोलत असतील, पण एकही वाया जात नसे. भट्रुंनी पानाचं तबक पुढे ओढलं आणि भरगच्च कवळ तोंडात कोंबला. ही त्यांची जुनी युक्ती. अडचणीचा प्रश्न आला की तोंडात पान, मग अर्धा तास नुसतं हूं हूं. पान थुंकून येईपर्यंत प्रश्न विचारणारा दुसऱ्या विषयावर गेलेला असे. श्रीलताने वहीत लिहिलं, 'वराची बस चुकली', आणि खाली कंसात, 'वडिलांच्या तोंडात पान असल्याने खुलासा मिळू शकला नाही.' मी ते तसंच जुळवलं. भट्रुंनी कंस खोडला, बस मात्र राहू दिली. त्या पुस्तकातली त्यांची ती पहिली माघार.

अशी सहा प्रकरणं झाली. मी वैतागलो होतो, पण खोटं कशाला बोलू, शनिवारची वाटही बघत होतो. रविवारी सकाळी प्रूफ घेऊन मी मुद्दाम डोंगर चढून जाई. शंकरी अक्का नीर दोसे घालत, सोबत फणसाचे पापड असत, आणि बापलेकीचं चाललेलं असे. मग आलं सातवं प्रकरण, 'पाणी', आणि सगळं अडलं.

केपुळगुड्डे हा कोरडा डोंगर होता. विहीर खणली तर खाली कातळ. आमच्याकडे अशा डोंगरात सुरंग खणतात. जांभ्यात आडवं भोक पाडत जायचं, माणूस वाकून जाईल एवढं उंच, हात पसरता येणार नाहीत एवढं अरुंद. पाणी लागलं की ते आपसूक बाहेर वाहत येतं. लांबी कोलूत मोजतात, कोलू म्हणजे अडीच फूट. आत जाताना तेलाचा दिवा न्यायचा. दिवा मंदावायला लागला की हवा कमी पडतेय असं समजून मागे फिरायचं, आणि विझला तर जीव घेऊन पळायचं. केपुळगुड्ड्याचा सुरंग पंचेचाळीस कोलू लांब आहे आणि त्याच्या पाण्यावर आज डोंगरावर दोन घरं आणि अडीच हजार पोफळी उभ्या आहेत.

भट्रुंनी सांगितलेलं सातवं प्रकरण बावीस पानांचं होतं. जागा कशी हेरली, वारुळं कुठे होती, कोणत्या झाडाची पानं उन्हाळ्यात हिरवी राहत, सगळं त्यात होतं. 'खणण्यात आलं', 'खणत नेलं', 'अखेर पाणी लागलं', असं पानोपानी होतं. खणलं कोणी, ते मात्र कुठेच नव्हतं. सुब्राय हे नाव बावीस पानांत एकदाही आलं नव्हतं.

सुब्राय भट हे भट्रुंचे धाकटे भाऊ, आता पंच्याहत्तरीचे. ओहोळाच्या पलीकडे त्यांचं घर आहे. दोघे भाऊ चाळीस वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. सुब्राय तसेही कोणाशी फारसं बोलत नाहीत, त्यामुळे भांडण आहे हे नव्या माणसाला वर्षभर कळतसुद्धा नाही. रोज सकाळी सात वाजता फावडं घेऊन ते सुरंगात जातात, आतला गाळ काढतात आणि पोफळीच्या खोडाचा पन्हाळ साफ करतात. त्या पन्हाळातून अर्धं पाणी त्यांच्या टाकीत जातं आणि अर्धं भट्रुंच्या. चाळीस वर्षांत भट्रुंचं पाणी एक दिवसही अडलेलं नाही. दोन्ही घरांत बोलणं नाही, पाणी आहे.

भांडण कशावरून, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पाणी लागल्यावर दुसऱ्या वर्षी शेतकऱ्यांच्या संघाने भट्रुंचा सत्कार केला. भट्रु पाऊण तास बोलले. सुरंगावर इतकं सुरेख भाषण इथे ना आधी झालं ना नंतर, असं म्हातारे अजून सांगतात. त्यात भावाचं नाव नव्हतं. सुब्राय तिसऱ्या ओळीत बसले होते. ते उठले, घरी गेले आणि महिन्याभरात ओहोळापलीकडे राहायला गेले. विषय निघाला की भट्रुंचं एकच म्हणणं. भावाचं नाव शेवटी, कळस म्हणून घ्यायचं होतं, पण अध्यक्षांनी घंटा वाजवली.

श्रीलता तेव्हा सहा वर्षांची होती. तिला ओहोळातून खांद्यावर बसवून शाळेत पोचवायचे ते सुब्राय अप्पच्ची, म्हणजे काका. भांडणानंतर ती एकटी जाऊ लागली. अप्पच्ची आपल्या काठावर उभे राहून ती पार होईपर्यंत बघत आणि मग फावडं उचलून निघून जात. हे तिनेच मला दुकानात सांगितलं आणि सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. गेल्या वर्षी अप्पच्चींचं हृदयाचं ऑपरेशन झालं. "सहस्रचंद्रदर्शनाला पंगत बसेल आणि माझा काका पलीकडे एकटा पेज पीत बसेल. पुस्तकात त्यांचं नाव नसेल, तर मी कोणत्या तोंडाने बोलवायला जाऊ?" ती म्हणाली. "आणि आत्ता नाही बोलले, मराठे, तर दोघांपैकी एक जाईल आणि दुसरा फक्त खांदा द्यायला येईल. मला हे पुस्तक त्याचसाठी करायचं होतं. पणजोबांची पोफळ गेली खड्ड्यात."

पुढच्या शनिवारी तिने सरळ विचारलं, "सुरंग खणला कोणी?" पान. त्याच्या पुढच्या शनिवारी विचारलं. पान. तिसऱ्या शनिवारी पान संपलं होतं, तर भट्रु गुरांना बघून येतो म्हणून गोठ्यात गेले आणि दोन तास गोठ्यातच राहिले. सहस्रचंद्रदर्शनाची तारीख पाच आठवड्यांवर आली होती. श्रीलता वही मिटून आत गेली आणि आईला म्हणाली की हे पुस्तक होत नाही. शंकरी अक्का डाळ निवडत होत्या. वर न बघता त्या म्हणाल्या, "त्यांना प्रश्न विचारू नको, कूसू. त्यांना पात्र दे."

रविवारी दुपारी श्रीलताने मला मद्दळे घेऊन बोलावलं. भट्रु खुशीत. सातव्या प्रकरणाचं ताळमद्दळे करून बघू, त्यातून भाषा सुचेल, असं लेकीने सांगितल्यावर त्यांनी स्वतः ओसरी झाडली, सतरंजी घातली, धुतलेलं धोतर नेसले आणि संघाने दिलेली शाल खांद्यावर टाकली. मी मद्दळे जुळवलं. श्रीलता भागवताच्या जागी बसली आणि स्वतः रचलेलं पद म्हणाली. एक डोंगर, दोन भाऊ, पाणी आधी कोणी पाहिलं, असं काहीतरी. चाल चांगली होती. भट्रुंनी पावती म्हणून मान हलवली आणि घसा साफ करून बोलायला तोंड उघडलं.

"अप्पा, तुम्ही सुब्राय," श्रीलता म्हणाली. "तिरुमलेश्वर मी."

भट्रुंचा हात तबकाकडे गेला. तबक नव्हतं. शंकरी अक्कांनी ते मघाशीच आत नेलं होतं.

"हा काय पोरखेळ आहे? मी जिवंत बसलोय इथे. माझं पात्र मी करीन. सुब्राय मराठ्यांना दे."

"मराठे मद्दळ्यावर आहेत. आणि पात्र देण्याचा मान भागवताचा. आज पद मी म्हटलंय." ती शांतपणे शाल सावरत म्हणाली. "मिळालेलं पात्र नाकारणाऱ्याने सतरंजीवर बसू नये, हे मला कोणी शिकवलं?"

भट्रुंनी माझ्याकडे पाहिलं. मी मद्दळ्याची वादी उगाच ओढत राहिलो. त्यांना एकदा तापात असताना बसवलं होतं, एकदा सख्ख्या मामांच्या सुतकाचा शेवटचा दिवस उलटल्याबरोबर बसवलं होतं. पात्र मात्र त्यांनी कधी नाकारलं नव्हतं. ते सतरंजीवर जरा मागे सरकले आणि म्हणाले, "बरं. बोल."

श्रीलता बोलू लागली आणि मला हसू आवरेना. तीच बैठक, डावा गुडघा वर, उजव्या हाताची तीन बोटं हवेत. बोलण्याआधी तसंच खाकरणं. हा सुरंग माझ्या बुद्धीचा आहे, याला कारणं तीन, असं म्हणून तिने जागा, मुहूर्त आणि दिशा अशी तिन्ही कारणं ओळीने मांडली, मधेच एक संस्कृत श्लोकाचा तुकडा फेकला आणि असं कोणी म्हणेल की, म्हणून पुढे सुटली. आतून शंकरी अक्कांच्या हसण्याचा आवाज आला. भट्रुंचा चेहरा मात्र आंबट झाला होता. मी एवढा बोलतो का, असं त्यांनी मला हळूच विचारलं. मी बोल वाजवून वेळ मारून नेली.

त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी लबाडी केली. सुब्रायाला त्यांनी अगदी मठ्ठ करून टाकलं. अण्णा म्हणेल ते खरं, मला काय कळतंय, मी आपला फावडं मारणारा. चार वाक्यांत पात्र गुंडाळलं. श्रीलताने दोन वाक्यांत त्याचा फडशा पाडला आणि मला खूण केली. वाद संपला की वाजवतात तो तुकडा मी वाजवला.

भट्रु वाद हरले होते. आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या ओसरीवर, लेकीकडून. त्यांचे कान लाल झाले. "थांब," ते म्हणाले. "सुब्राय इतका लेचापेचा नाही. पुन्हा पद म्हण."

ती पुन्हा पद म्हणाली. भट्रुंनी या वेळी शाल काढून बाजूला ठेवली, दोन्ही हात मांडीवर पालथे टाकले आणि मान थोडी खाली घातली. मी चमकलो. सुब्राय असेच बसतात. आवाजही खाली आला.

"अण्णा, जागा तू दाखवलीस. खरं आहे. आणि बत्तिसाव्या कोलूला थांब म्हणाला होतास, तोही तूच. डोंगर कोरडा आहे म्हणालास. त्याची तीन कारणं दिलीस. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. म्हणून मी खणत राहिलो."

"मी घराण्याचं नाव गावोगाव नेत होतो," श्रीलता म्हणाली.

"नेत होतास. नावाने पोफळी भिजत नाहीत."

"सत्कारात तुझं नाव शेवटी येणार होतं. अध्यक्षांनी घंटा वाजवली."

"पाऊण तास बोललास, अण्णा. माझं नाव घ्यायला किती वेळ लागतो? तीन अक्षरं आहेत."

माझा हात मद्दळ्यावर थांबला. चाळीस वर्षं गावाला ऐकवलेल्या घंटेला त्यांनी स्वतःच एका दमात निकालात काढलं होतं. पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. रंग चढला होता. समोरचा मागे हटतोय, हे त्यांना दिसत होतं, आणि तसं दिसलं की भट्रु थांबत नसत.

"आणि घंटेचं राहू दे. त्या दुपारचं बोल. तुला कन्यानाला जायचं होतं, ताळमद्दळ्यात अर्थ सांगायला. शाल घेऊन तू सुरंगाच्या तोंडाशी आलास. मी टोकाला होतो. टिकलीएवढा दिवा दिसत होता तुला. तू खाकरलास. तुझं खाकरणं मी कुठेही ओळखीन. मला वाटलं, आत येतोस. तेवढ्यात माझा दिवा विझला. विझलेला तू पाहिलास, अण्णा. सुरंगात दिवा विझणं म्हणजे काय, हे तुला ठाऊक होतं. मी हाक मारली. दोनदा मारली. तू शाल सावरलीस आणि बस पकडायला गेलास."

शंकरी अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात पिठाचा चमचा तसाच. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"बोल," भट्रु म्हणाले. डोळे चमकत होते. "उत्तर दे. गप्प का झालीस?"

"उत्तर नाही, अप्पा."

"असेल. शोध. तिरुमलेश्वर भट निरुत्तर होत नाही."

"तुम्हाला सापडलंय का? चाळीस वर्षांत?"

मग भट्रुंच्या लक्षात आलं की ते जिंकले आहेत. असा जिंकलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. बराच वेळ ते सतरंजीची दशी विंचरत बसले. मग आपल्या नेहमीच्या आवाजात, पण हळू, त्यांनी सांगितलं की दुसऱ्या दिवशी सकाळी कन्यानाहून परत येताना वाटेच्या पायऱ्यांवर पाणी वाहताना दिसलं आणि सुब्राय बाजूच्या दगडावर बसून भाकरी खात होता. जिवंत होता. एक शब्द बोलला नाही. बोलला असता, भांडला असता, तर उत्तर देता आलं असतं. सत्कारात त्याचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण नाव घेतलं असतं तर त्यामागून बाकीचंही बाहेर आलं असतं.

"लिही," ते श्रीलताला म्हणाले. "सुब्राय जसं बोलला तसं."

सातवं प्रकरण बावीस पानांचं चार पानांवर आलं. त्यात 'असं कोणी म्हणेल की' नव्हतं, आणि समासात एक शब्द नव्हता. फक्त भट्रुंनी अट घातली. समोरच्या बाजूला दाखवल्याशिवाय छापायचं नाही. तो ताळमद्दळ्याचाच कायदा आहे, एका बाजूचं ऐकून कोणी उठत नाही. लेकीने जायचं नाही आणि बायकोनेही नाही, घरच्या माणसाने गेलं तर सुब्राय ती मनधरणी समजेल. म्हणून प्रूफ घेऊन ओहोळ ओलांडून मी गेलो. सुब्रायांनी कागद घेतला, मला पुनर्पुळीचं, म्हणजे कोकमाचं, सरबत दिलं आणि सांगितलं, बुधवारी या.

बुधवारी कागद परत मिळाला. समासात शिसपेन्सिलीने, शाळकरी अक्षरात, लिहिलं होतं. तसाच तो मी भट्रुंच्या हातात दिला. श्रीलता रजा टाकून आली होती. भट्रुंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"बत्तीस नव्हे, चौतीस कोलू." इथे ते थांबले आणि सवयीने म्हणाले की बत्तीसच होते. मग पुढे वाचू लागले आणि आवाज हळूहळू खाली गेला. राहिलेलं त्यांनी मनातच वाचलं. कागद खाली ठेवला तेव्हा श्रीलताने उचलला आणि आम्हाला वाचून दाखवला.

'दिवा हवा कमी पडून विझला नाही. वरून थेंब पडला. पहिला थेंब. अण्णाला दाखवायचा होता म्हणून हाक मारली. बाकी बरोबर आहे. भाषा अण्णाची आहे, जरा लांब आहे.'

तबक समोरच होतं. भट्रुंनी पानाला हात लावला नाही. जेवलेही नाहीत. शंकरी अक्कांनी दोनदा ताक आणून ठेवलं आणि दोनदा परत नेलं. मी घरी जायला निघालो तर श्रीलता म्हणाली, आज राहा, मला भीती वाटते. मी राहिलो.

सकाळी पावणेसातला भट्रु काठी घेऊन उठले आणि न सांगता डोंगर चढू लागले. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षांत ते त्या वाटेला गेले नव्हते. श्रीलता आणि मी अंतर ठेवून मागे. सुरंगाच्या तोंडापाशी पोचायला त्यांना पाऊण तास लागला. आतून फावड्याचा आवाज येत होता आणि अगदी टोकाला टिकलीएवढा दिवा होता. भट्रुंनी काठी जांभ्याला टेकून ठेवली आणि खाकरले.

फावडं थांबलं.

"कोण?" सुरंगातला आवाज तोंडाशी उभं राहून बोलावं तसा स्वच्छ ऐकू येतो.

"मी."

आतून फावडं भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"ये आत. वाकून ये, डोकं आपटेल."

एक्याऐंशी वर्षांचे भट्रु धोतर गुडघ्यापर्यंत खोचून वाकले आणि पाण्यात उतरले. श्रीलता पुढे धावणार होती, मी तिचा हात धरला. त्यांची पाठ थोडा वेळ दिसली, मग अंधार झाला. भिंत चाचपत जाण्याचा आवाज येत राहिला, मधे एकदा दम खायला थांबण्याचा. मग सुब्रायांचा आवाज आला.

"उशीर केलास, अण्णा."

श्रीलताने माझ्याकडे पाहिलं. आता भट्रु उशिराची तीन कारणं देणार, म्हणून आम्ही दोघेही थांबलो होतो.

"केला," भट्रु म्हणाले.